पाच वेळा परत आलेली दुरुस्ती

रेणू हेडाऊची चूक एवढीच होती, की तिने आपले काम चारचौघांसमोर तपासून घेतले. त्यापायी तिची नोकरी गेली.

ती मोहाडीच्या विणकराची मुलगी. वडील मोतीलाल हातमागावर बसतात, आई आनंदाबाई धाग्याच्या कांड्या भरून देते. जवाहरनगरच्या रस्त्याला एक खासगी कॉलेज आहे. तिथल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये रेणू सात वर्षे कंत्राटी सहायक होती. अडकलेला प्रिंटर, बंद पडलेला माऊस, परीक्षेच्या धास्तीने रडणारी मुलगी, सगळे तिच्याकडेच यायचे.

लॅबमध्ये मुलांच्या सरावासाठी छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड होते. ते एका केबलने कॉम्प्युटरला जोडायचे. कॉम्प्युटर जरा वेळ झोपी गेला आणि पुन्हा जागा झाला, की बोर्डावरून नुसती निरर्थक अक्षरे यायची. मुले केबल काढून परत लावायची. हे असेच असते, असे सगळ्यांनी धरून चालले होते. रेणूने तसे धरले नाही. दीड महिना ती डबा खाता खाता त्याच्या मागे लागली. दोष केबलचा नव्हता, बोर्डाचाही नव्हता. लॅबच्या कॉम्प्युटरांवर जी खुली प्रणाली होती, तिच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये तो होता. जागे झाल्यावर केबलला तिचा वेग पुन्हा सांगायचा राहून जात होता. काम तीन ओळींचे.

हा कर्नल कोण्या एका कंपनीचा नाही. जगभरातले लोक तो मिळून लिहितात. दुरुस्ती कोणीही पाठवावी. पण ती पाठवायची ईमेलने, सगळ्यांना दिसेल अशी. त्या भागाची राखण करणारा माणूस ती ओळ न् ओळ वाचतो, त्रुटी दाखवतो, परत करतो. आपण सुधारून पुन्हा पाठवायची. हा पत्रव्यवहार कायमचा जपून ठेवतात. कोणालाही तो उघडून वाचता येतो.

रेणूला याची भीती वाटली नाही. तिच्या घरी मागावरून उतरलेल्या लुगड्याची घडी घालण्याआधी शेजारचे भोजराजकाका ते उजेडाला धरत. ‘इथं धागा तुटला मोतीलाल. अन् हा काठ पाय, कसा ओढला.’ काका काही न बोलता उठले, तर मोतीलालना धसका बसायचा : लुगडे त्यांनी नीट पाहिलेच नाही की काय?

पहिली दुरुस्ती तिने कॉलेजच्या ईमेलवरून पाठवली. ती पाच मिनिटांत परत आली. ईमेलने मजकुराला आपोआप सजवले होते आणि तिथे फक्त साधा मजकूर चालतो. माणसाने ती पाहिलीसुद्धा नव्हती. दुसऱ्यांदा मजकूर साधा गेला, पण वाटेत सगळे टॅब गळाले आणि त्यांच्या जागी मोकळ्या जागा बसल्या. कर्नलमध्ये ओळ आत सरकवायची ती टॅबनेच. त्याची रुंदी आठ अक्षरांची, कमी नाही, जास्त नाही. राखणदाराने लिहिले, ‘तुमच्या ईमेलने दुरुस्तीचा चुरा केला आहे. आधी स्वतःला पाठवून पाहा.’

तिसऱ्यांदा मात्र तिचेच चुकले. दुरुस्ती का हवी, हे सोबत लिहायचे असते. रेणूने कॉलेजात आजवर लिहिले ते फक्त अर्ज. रजेचा अर्ज, मुदतवाढीचा अर्ज, पंखा दुरुस्त करून मिळण्याबाबतचा अर्ज. तिने इंग्रजीत तसेच लिहिले. आदरणीय महोदय, आपणांस नम्र विनंती, मी आपली सदैव ऋणी राहीन. शिवाय जाता जाता शेजारच्या सात-आठ ओळीही तिने नीटनेटक्या करून दिल्या होत्या. कोणी सांगितले नसताना.

‘मी महोदय नाही,’ उत्तर आले. ‘विनंती नको. हा मजकूर इतिहासात राहणार आहे. काय मोडते, कोणाचे मोडते आणि हीच दुरुस्ती का बरोबर, ते सांगा. एका दुरुस्तीत एकच काम. बाकीचे वेगळे पाठवा.’

रेणूला आधी हसू आले. मग तिने ते उत्तर पुन्हा वाचले. सात वर्षांत ‘विनंती नको’ असे तिला कोणी म्हटले नव्हते.

चौथ्यांदा प्रश्न आला. कॉम्प्युटर झोपलेला असताना कोणी केबल उपटली तर? तिला उत्तर ठाऊक नव्हते. आठ दिवस ती केबल उपटत बसली. एकदा कॉम्प्युटर जागच्या जागी थिजला. म्हणजे त्या माणसाची शंका खरी होती. तिने आणखी दोन ओळी घातल्या. पाचव्यांदा त्याने विचारले, मागच्या वेळेपासून काय बदलले ते कुठे लिहिले आहे? तिने तेही लिहिले. सहाव्यांदा दोन शब्द आले. ‘घेतली. आभार.’ दुरुस्तीखाली रेणूचे पूर्ण नाव होते आणि त्याखाली तपासणारा म्हणून त्याचे.

तिने घरी सांगितले.

‘पाच डाव वापस केलन?’ मोतीलालनी विचारले.

‘हो बाबा.’

‘मंग पाहिलन चांगलं.’

मे महिन्यात तिच्याच जागेची कायम भरती निघाली. सात वर्षे ती याचीच वाट पाहत होती. मुलाखतीला टेबलापलीकडे कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे मधुकरराव आणि विभागप्रमुख संजीव सर. सरांसमोर कागदांचा गठ्ठा होता. तो पत्रव्यवहार त्यांनी छापून आणला होता. प्रत्येक त्रुटीखाली लाल रेघ.

‘हे तुमचंच नाव ना मॅडम?’ सर म्हणाले. एरवी ते तिला ‘ए रेणू’ म्हणत.

‘हो सर.’

‘कॉलेजच्या ईमेलवरून?’

‘हो.’

‘पाच वेळा नापास. साऱ्या जगासमोर. कॉलेजचं नाव खाली गेलं, समजते का तुम्हाला?’

‘नापास नाही सर. तिथं सगळ्यांचंच काम असं तपासतात. वीस-वीस वर्षं काम केलेल्या लोकांचंही वापस येते. शेवटचं पान पाहा ना, घेतली त्यांनी.’

शेवटचे पान गठ्ठ्यात नव्हते.

‘त्यात दोनच शब्द होते,’ सर म्हणाले. ‘छापण्यासारखं काही नव्हतं.’

मधुकरराव आतापर्यंत गठ्ठ्याची जाडी बोटाने चाचपत होते. ते इंग्रजी वाचत नसत, पण लाल रेघ त्यांना वाचता येत होती. ‘हे पाय पोरी, मी जिंदगी काढली सरकारी हाफिसात. फाइलीवर एक शेरा आला त मानूस दोन दिवस जेवे नाही. तुये पाच शेरे. अन् तू सांगून राहिली का हे चांगलं हाये?’

‘शेरा नाही जी तो.’

‘मंग काय होय?’

‘कोणीतरी माझं काम वाचून राहिलं होतं जी.’

मधुकररावांनी सरांकडे पाहिले. सरांनी घड्याळाकडे.

जागा दुसऱ्याला मिळाली. त्याच्याकडे कार्यशाळांची नऊ प्रमाणपत्रे होती, सगळी दोन-दोन दिवसांची. त्याचे एकही काम कधी परत आले नव्हते, कारण ते कधी कोणी वाचलेच नव्हते. जूनअखेर रेणूचे कंत्राट संपले आणि नवे झाले नाही. कारण कोणी लिहून दिले नाही. तिने चोरी केली असती तर निदान चौकशी बसली असती, तिचे म्हणणे कोणी ऐकले असते. जगातल्या असंख्य कॉम्प्युटरांत जाणारी दुरुस्ती जिने केली, तिला लॅबची किल्ली शिपायाकडे देऊन शेवटच्या दिवशी एसटीने घरी यावे लागले. यात कोणालाही काही वावगे वाटले नाही, याची चीड तर अजून जात नाही.

ऑक्टोबरात संजीव सर कारने मोहाडीला आले. कॉलेजच्या तपासणीला बाहेरची समिती येणार होती. अहवालाचे एक पान त्यांनी सोबत आणले होते. मागाजवळच्या खाटेवर ते अवघडून बसले.

‘रेणू, फक्त सही पाहिजे इथं. तुझंही नाव टाकलं आहे.’

तिने वाचले. ‘विभागप्रमुखांच्या मार्गदर्शनाखाली महाविद्यालयाने जागतिक पातळीवरील कर्नलमध्ये अनेक मोलाच्या सुधारणा केल्या. या कामी कु. रेणू हेडाऊ यांचे सहकार्य लाभले.’

आनंदाबाई चहा घेऊन आल्या. ‘सर, खाली गेलेलं नाव वर आलं का जी कॉलेजचं?’

सरांनी बशीत चहा ओतला आणि तो गार होईपर्यंत फुंकत राहिले.

रेणूने पेन मागितला. सर हुशारले. पण सहीच्या जागेऐवजी ती पहिल्या ओळीपाशी गेली. ‘मार्गदर्शन’ याच्या खाली तिने लिहिले : कोणते, कधी? ‘अनेक’ याच्या खाली : एकच. ‘महाविद्यालयाने’ याच्या खाली : त्याच कामाबद्दल महाविद्यालयाने काय केले, ते लिहावे. ‘सहकार्य लाभले’ याच्या खाली तिचा पेन थांबला. मग तिने लिहिले : कोणाला?

शेवटी आपले पूर्ण नाव घातले आणि कागद परत दिला.

‘हे काय?’ सरांचा आवाज चढला. ‘समिती परवा येते. हा कागद आता कोणाला दाखवू मी?’

‘नका दाखवू सर. सुधारून आणा.’

‘अगं, एवढं काय मनावर घेते? तुझाच फायदा आहे यात.’

‘माझी जागा गेली सर. हेच काम वापस आलं म्हणून गेली. तुम्हीच रेघा मारल्या होत्या.’

ती ओरडली नाही. पण हातातला पेन तिने असा गच्च धरला होता, की सरांना तो परत मागायचे सुचले नाही. ते चहा अर्धा टाकून उठले. कार वळली, धूळ उडाली. आणि मग रेणूला रडू फुटले. सात वर्षांचे, रागाचे. ती मागाच्या खांबाला धरून उभी राहिली. आनंदाबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या.

मोतीलालनी माग थांबवला नव्हता. आता त्यांनी आडव्या धाग्याचा धोटा हातात धरून मान वर केली.

‘अन् त्यानं खरंच सुधारून आनलन त?’

रेणूने ओढणीने तोंड पुसले.

‘त वाचीन ना बाबा. आणलं त वाचाच लागते.’