दादाची अरुंद अक्षरं

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाडीत चिकू निवडत बसले होते. वहिनी एवढंच म्हणाली, "ये गं… तुझा दादा गेला." हातावरचा चीक न धुताच मी रानशेतहून निघाले. तलासरीला दादाच्या घरी पोचेपर्यंत बोटं एकमेकांना चिकटली होती. रडू काही आलं नाही. ते आलं बाराव्या दिवशी, आणि तेही रागाने. पाहुण्यांना सोडायला झरीला गेले, तर रस्त्यालगतच्या पीठगिरणीच्या भिंतीवर बॅनर बांधलेला. वर आमच्या भागातल्या पुढाऱ्याचा, सगळे त्याला भाऊसाहेब म्हणतात, हात जोडलेला भलामोठा चेहरा. खाली त्याच्या माणसांचे नऊ-दहा चेहरे, त्यातले दोघे तर गॉगल लावून. कोपऱ्यात आधार कार्डावरून उचललेला धुरकट दादा. आणि मधे, 'कलाक्षेत्रातील तारा निखळला… जयराम पेंटर यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' मला शिसारी आली. चेहऱ्यांची आलीच, पण त्याहून जास्त अक्षरांची.

दादा पाट्या रंगवायचा. तलासरीपासून डहाणूपर्यंत दुकानं, दवाखाने, टेम्पोंच्या पाठी. त्याचं अक्षर एकच, उंच, जाड, अरुंद. नक्षी नाही, शेपूट नाही. आमच्याकडे दुकान हातभर आणि नाव लांबलचक, म्हणून त्याने ते अक्षर बसवलं होतं. माझी शाळा चौथीत सुटली. मी कोणासमोर तोंड उघडत नसे, घरी कोणी आलं की मोरीत जाऊन उभी राहायची. पहिल्यांदा मला कामावर नेताना दादा म्हणाला, "चल, भिंत काही विचारत नाही. तुझ्यासारखीच मुकी आहे." खडूने अक्षरांच्या कडा तो आखायचा, आत रंग मी भरायची. लोकांकडे पाठ, तोंड भिंतीकडे… मला सोसेल असं दुसरं काम मिळालंच नसतं. लग्न झाल्यावरही मोठं काम असलं की तो बोलवायचा. त्या पहिल्या दिवशी हायवेवर वडापावच्या दुकानाची पाटी होती. मी दोन्ही 'व' गच्च भरून टाकले. दादाने कपाळाला हात लावला. "अगं, त्यांच्या पोटात काय कोंबलंस? वडापाव?" मग ओल्या फडक्याने पुसत, हळू आवाजात म्हणाला, "अक्षर अरुंद आखायचं, चेपायचं नाही. पोटात हवा राहिली पाहिजे. नाहीतर बसमधल्या माणसाला नुसता काळा डाग दिसतो."

बॅनरवर नेमकं तेच झालं होतं. कोणीतरी कॉम्प्युटरवर साधी अक्षरं घेऊन दोन्ही बाजूंनी दाबली होती. उभ्या रेघा वाळलेल्या, आडव्या सुजलेल्या, 'जयराम'मधल्या 'म'ची गाठ बुजलेली. ज्याने आयुष्यात एक अक्षर चेपलं नाही, त्याचंच नाव चेपून टाकलेलं, कारण भाऊसाहेबांच्या गालांना जागा हवी होती. दोन वर्षांपूर्वी याच माणसाने माझ्यासमोर दादाला सांगितलं होतं, "पेंटर, ब्रश ठेवा आता घरी. मशीन दहा मिनिटांत काढतं." दादा नुसता हसला होता. मला थुंकावंसं वाटलं होतं, पण मी भिंतीकडे तोंड करून रंग भरत राहिले.

बॅनरच्या मागे काय आहे ते मला ठाऊक होतं. दादाचं शेवटचं काम. 'येथे तांदूळ, नागली, हळद, मिरची दळून मिळेल.' दार आणि खिडकी यांच्या मधल्या पट्ट्यात त्याने सगळी ओळ आखून ठेवली होती. 'नागली'पर्यंत मी भरलं होतं. उरलेलं नंतर करू म्हणाला, आणि दोन दिवसांत त्याच्या छातीत कळ आली… आता बॅनर वाऱ्याने फडफडत होता, आणि प्रत्येक फडफडीला मागचा खडू पुसला जात होता. पाहुण्यांना बसमध्ये बसवलं आणि तलासरीला परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीकडून दादाचा ब्रश, खडू आणि रंगाचा डबा घेतला आणि एकटी झरीला गेले. दोऱ्या सोडायला लागले तशी समोरच्या टपरीवरून हाक आली, "ओ ताई, कोणाला विचारून सोडताय? भाऊसाहेबांचा आहे तो!" मी मागे वळले. "माझ्या दादाची अक्षरं पुसतायत!" म्हटलं. आवाज एवढा मोठा निघाला की मीच दचकले. तेवढ्यात गिरणीवाल्या काकी पिठाचे हात झटकत बाहेर आल्या. "भिंत माझी आहे रे. तू तुझा चहा पी." बॅनर त्यांनीच आत नेला आणि कोंड्याच्या ढिगावर टाकला, चेहरे खाली करून.

मी 'हळद' भरलं, 'मिरची' भरलं. 'च'चं पोट मोकळं ठेवलं. पुढचे दोन शब्द पार पुसले होते. मी कधी अक्षर आखलेलं नाही. खडू हातात घेतला, भिंतीला टेकवला, आणि परत खाली ठेवला. त्या भिंतीवर आणखी एक वेडंवाकडं अक्षर मला नको होतं. काकी म्हणाल्या, "राहू दे गं. मिरची घेऊन आलेला माणूस गिरणीत काय लोणचं मागणार आहे?"

तलासरीच्या नाक्यावर तसाच दुसरा बॅनर अजून लटकतोय. उन्हाने दादाचा फोटो उडालाय, भाऊसाहेब आहेत. तिथे मी मान फिरवते. झरीला मात्र बसच्या खिडकीशी बसते. बस वेगात असते, तरी 'मिरची'पर्यंत सगळं स्वच्छ वाचता येतं. पुढे पांढरी भिंत…