सेठच्या पोरीचा बस्ता

शकुनबाईनं एकदा बाईचा हात धरला की बांगड्या भरून होईपर्यंत तो सुटत नाही. हात कितीही जाड असो, हाडं कितीही कडक असोत, ती अंगठा आत दाबते, बोटं जुळवते आणि बोलत राहते. बोलण्याच्या नादात बांगडी कधी मनगटावर गेली ते त्या बाईलाही कळत नाही. तेवढा वेळ मात्र तिला उठता येत नाही. ऐकावंच लागतं. साकोलीच्या कापड ओळीत पुढं जे झालं ते यातूनच झालं, असं मला वाटतं. चुकतही असेन. मी शिंपी माणूस, खाली मान घालून मशीन चालवण्यात जन्म गेला. पण जे घडलं ते माझ्या दुकानासमोर घडलं, म्हणून सांगतो.

कापड ओळ म्हणजे जुन्या बाजारचौकातून निघणारी अरुंद गल्ली. दोन्ही बाजूंना कापडाची दुकानं, दुकानांना ओटे, आणि ओट्यांवर बांगड्यावाल्या, पिकोवाले. या गल्लीचं पोट बस्त्यावर चालायचं. आमच्याकडं लग्न ठरलं की दोन्ही घरची माणसं मिळून कपडे घ्यायला निघतात. नवरीचा शालू नवरदेवाकडचे घेतात, नवरदेवाचे कपडे नवरीकडचे. आत्या, मामा, मावशा, जावई, शेजारी, सगळे येतात. घरून पुऱ्या आणि आलूची भाजी बांधून आणतात. दुकानाच्या गादीवर दिवसभर बसतात, तिथंच जेवतात, तिथंच रुसतात आणि तिथंच समजूत पटते. कपडे झाले की बायका ओट्यावर येऊन बांगड्या भरतात, आणि मग माझ्याकडं ब्लाऊजचं माप द्यायला येतात.

ओळीतलं सगळ्यांत मोठं दुकान चंद्रकुमार सेठचं. त्याच्याच ओट्यावर शकुनबाईची जागा होती, तिच्या आधी तिच्या सासूची. हायवे रुंद झाला, बस चौकात यायची बंद झाली, तसं सेठनं हायवेवर शोरूम बांधलं. काचेच्या भिंती, थंड हवा, वर जायला लिफ्ट. जुन्या दुकानाला कुलूप लावलं. लावू दे, त्याचं दुकान होतं. पण रिकाम्या ओट्यावर कोणी बसू नये म्हणून त्यानं लोखंडी जाळीही ठोकली. त्याच्या मागोमाग इतर दुकानदार निघाले. दुपारी ओळीत कुत्री आडवी पसरलेली दिसायची. माझ्याकडं शाळेच्या पँटी आखूड करण्यापलीकडं काम उरलं नाही.

शकुनबाई एक दिवस टोपली घेऊन शोरूमला गेली. दाराबाहेर पायरीच्या कडेला बसली. तेवढ्यात एक बस्ता आला. बायका सवयीनं तिच्याजवळ थांबल्या, हिरव्या बांगड्या हातात घेऊन पाहू लागल्या. सेठ बाहेर आला.

"इथं नाही," तो म्हणाला.

"सेठजी, कोपऱ्यात तर हावो जी. येनाऱ्या-जानाऱ्याले तरास नाही."

सेठनं चौकीदाराकडं पाहिलं. चौकीदारानं टोपली पायानं सरकवली. ती पायरीवरून कलंडली आणि सगळी काच फरशीवर. लग्नाच्या खरेदीला आलेल्या बायकांच्या पायाशी हिरवा चुडा फुटला. एकीनं तर पदर डोक्यावर घेऊन डोळेच मिटले. सेठनं त्या बायकांकडं पाहिलं नाही आणि हिच्याकडंही नाही.

"झाडून घे लवकर," तो म्हणाला. "गिराईकाच्या पायात जाईन."

शकुनबाई त्याच्यापेक्षा वयानं मोठी. ओट्यावर होती तोवर तो तिला 'तुमी' म्हणत असे.

तिनं काच पदरात गोळा केली आणि तशीच माझ्या दुकानात आली. चिंध्यांच्या डब्यात पदर झटकला. बोटाला रक्त आलं होतं. मी चिंधी दिली, ती तिनं बांधली. रडली नाही.

"गुलाबभाऊ," ती म्हणाली, "या मानसाले मी या ओळीत आनीन. मालक म्हनून नाही, गिराईक म्हनून."

"तो कायले येईन इथं कपडे घ्याले?" मी म्हटलं. "त्याच्या घरात कापडाचे गठ्ठे हायेत."

"त्याच्या घरात पोरगी बी हाय ना. होऊ द्या मोठी."

मला तेव्हा ते रागाचं बोलणं वाटलं. राग निवतो, असा माझा अनुभव. तिचा निवला नाही.

ओळीत त्या वेळी एकच कापडाचं दुकान जीव धरून होतं, केवळरामचं. दुकान लहान, माणूस भित्रा. तोही आवराआवर करायच्या बेतात होता. शकुनबाई त्याच्या ओट्यावर जाऊन बसली आणि त्याला म्हणाली, "दुकान बंद केलंत त पाहा. मी कुठं बसू?"

"अवो बाई, गिराईकच नाही त करू काय?"

"गिराईक मी आनतो. तुमी गादी टाका. मागची खोली रिकामी करा, लोकाइले जेवाले. पानी भरून ठेवा."

"माया एवढ्याशा दुकानात बस्ता मावन काय?"

"मावते जी. हलक्या हातानं बसवला का मानूसबी मावते."

तेव्हापासून ती गावोगाव जास्त फिरू लागली. सेंदूरवाफा, एकोडी, कुंभली. लग्नघरी नवरीसोबत सगळ्या बायकांना बांगड्या भरायच्या असतात, त्यामुळं तिला दार कुठंच बंद नव्हतं. हात धरायचा आणि बोलायचं. खोटं ती एकही बोलली नाही. तशी गरजच पडली नाही. सेठनंच शोरूममध्ये पाटी लावली होती की बाहेरचं खाणं आत आणू नये. शिवाय एका बस्त्याची पाचच माणसं वर सोडायची, बाकीच्यांनी खाली थांबायचं, असा नियम. आता पाच माणसं कोणती हे ठरवताना किती घरांत भांडणं लागली असतील, ते आमच्या लोकांना सांगायला नको. सानगडीच्या कौशल्याबाई, ज्यांच्या शब्दाशिवाय त्यांच्या घरात चुलीवर पातेलं चढत नाही, त्याही खालच्यांत राहिल्या. हायवेच्या दुभाजकावर बसून त्यांनी पुऱ्या खाल्ल्या. ट्रकची धूळ भाजीत पडत होती म्हणे. शकुनबाईनं ही धूळ तालुक्यातल्या घराघरांत पोचवली.

"कौशल्याबाईसारक्या बाईले त्यानं रस्त्यावर जेवाले बसवलं, त तुमच्या आईले कुठं बसवन?" असं ती नुसतं विचारायची, आणि पुढची बांगडी उचलायची.

आधी एखादा बस्ता आला. मग एकोडीचा एक मोठा आला, लोक गादीवर मांडीला मांडी लावून बसले आणि खूश होऊन गेले. हळूहळू बंद शटर उघडली. पिकोवाला परतला. चिवडेवाल्यानं भट्टी पेटवली. दुकानदारांनी मिळून गाड्या चौकात उभ्या करायला लावल्या आणि गल्ली चालणाऱ्यांना मोकळी केली. लग्नसराईत माझ्या दुकानात ब्लाऊजचे ढीग पडू लागले. लोक म्हणायचे, ओळीला चांगले दिवस आले. शकुनबाईला ओळ सुधारायची नव्हती. तिला एक माणूस पाहिजे होता.

अशी काही वर्षं गेली आणि सेठच्या मुलीचं, तृप्तीचं, लग्न ठरलं. मुलगा अमर, सानगडीचा, नोकरीत. कौशल्याबाई त्याची आत्या. आपल्या शोरूमसमोरच्या दुभाजकावर कोण जेवून गेलं हे सेठला कुठं माहीत असणार! शकुनबाईला बातमी कळली त्याच दिवशी ती टोपली घेऊन सानगडीच्या बसमध्ये बसली. तिथं काय झालं ते तिनं मला हातवारे करून दाखवलं.

हात धरल्यावर तिनं विचारलं, "बस्ता कुठं घेता जी?"

"कुठं म्हन्जे? पोरीच्या बापाचंच एवढं मोठं दुकान हाय," कौशल्याबाई म्हणाल्या.

"हाय ना. म्हन्जे शालू बापाच्या घरचा अन नाव तुमचं."

कौशल्याबाईंनी हात ओढला. बांगडी अर्धी चढलेली. हात सुटेना.

"काय म्हनाचं हाय तुले?"

"मी काय म्हनू? लोक म्हनतीन, सानगडीवाल्याइले सुनेले शालू घेनं झालं नाही. हात ढिला सोडा जी, काच लागन."

एवढंच. बाकीचं काम कौशल्याबाईंनी केलं. बैठकीत त्यांनी सरळ सांगून टाकलं की नवरीचा शालू पोरीच्या बापाच्या दुकानातून घेणं आमच्या घराला शोभत नाही, बस्ता कापड ओळीत केवळरामकडं होईल. सेठनं पुष्कळ सांगून पाहिलं. पण मुलीचा बाप किती बोलणार? आणि कौशल्याबाईंचं बोलणं बरोबरच होतं. बैठकीतल्या कोणालाच त्यात खोट काढता आली नाही.

बस्त्याच्या दिवशी मी दुकान लवकर उघडलं. खरं तर काम हातात घेण्यासाठी नव्हे. सेठ गाडी चौकात ठेवून चालत आला. आपल्या जुन्या दुकानाच्या जाळीसमोरून गेला तेव्हा त्यानं तिकडं पाहिलं नाही. केवळराम एकच साडी उलगडत होता, घडी घालत होता आणि परत उलगडत होता.

"या सेठजी, बसा," तो कसाबसा म्हणाला.

सेठ गादीवर बसला. मागून लोक येत गेले तसा तो आत आत सरकत भिंतीला लागला. शालू पुढं आला. कौशल्याबाईंनी तो व्याह्याच्या मांडीवर टाकला.

"इवाई, तुमी जानकार मानूस. सांगा, कसा हाय?"

सेठनं सवयीनं काठावरून बोट फिरवलं. पूर्वी याच बोटानं तो व्यापाऱ्यांचा माल नाकारत असे.

"चांगला आहे."

"मोठ्यानं सांगा जी. मागच्याइले आयकू नाही आलं."

"चांगला आहे!"

लोक हसले. केवळरामही हसला, मग घाबरून पुढची साडी उलगडू लागला. दुपारी मागच्या खोलीत पंगत बसली. कौशल्याबाईंनी केवळरामला विचारलं, "इथंच खाव ना जी? का रस्त्यावर जाव लागन?" विचारलं त्याला, पाहिलं सेठकडं. सेठ पुरी चावत राहिला. त्याला सगळं कळलं ते तेव्हाच, असं मला त्याच्या तोंडावरून वाटलं.

मग बायका ओट्यावर आल्या. शकुनबाईनं आधी तृप्तीचा हात घेतला. त्या पोरीवर तिचा राग नव्हता. इतक्या हळुवार हातानं तिनं चुडा भरला की एक काच तडकली नाही. तृप्ती नमस्काराला वाकली, तिनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग सेठची बायको कलाबाई बसली.

"हात कडक झाला वहिनी," शकुनबाई म्हणाली. "थंड्या हवेत बसून बसून."

कलाबाईनं दुसरा हात पुढं केला. तिचं झाल्यावर सानगडीच्या बायका होत्या, मग सेठकडच्या, मग दोन्हीकडच्या म्हाताऱ्या. ज्या बांगड्या शकुनबाई बोलता बोलता भरते त्या तिनं त्या दिवशी एकेक उन्हात धरून, पुसून, रंगाला रंग लावून भरल्या. मुलीच्या बापाला पाहुण्यांआधी निघता येत नाही. सेठ गल्लीत उभा होता. दुकानदार बाहेर येऊन उगीच हवापाणी विचारत होते. ऊन उतरायचं नाव घेईना. शेवटी त्यानं ओट्याच्या कडेला अंग टेकलं.

सानगडीची एक म्हातारी विहीण बांगड्यांसाठी पुढं आली. शकुनबाईनं वर पाहिलं नाही. म्हणाली, "सेठजी, उठा जी जरा. ईनबाईले बसू द्या."

तो उठला. परत उन्हात उभा राहिला. रुमालानं मान पुसत त्यानं सावली कुठं आहे ते पाहिलं. सावली माझ्याच दुकानात होती. आमची नजरानजर झाली. माझ्याजवळ रिकामा स्टूल होता, गिराईकासाठी ठेवलेला. मी तो पायानं मशीनखाली सरकवला आणि ब्लाऊजची बाही शिवायला घेतली.