व्हॉल्व्ह गळला नव्हता

घट्टकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. रंगाच्या कारखान्यातल्या या फिटरनं आवळलेला नळ दुसऱ्या कुणाला हलवता येत नसे, म्हणून हे नाव पडलं आणि काकांनी ते पदकासारखं मिरवलं. कुणाकडे गेले की आधी मोरीत शिरायचे. "हा ठिबकतोय. कुणी बसवला?" यजमान ओशाळायचे, आणि काकूंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. या बढाईला त्या अगदी विटल्या होत्या.

नदी जांभळी झाली तेव्हा मात्र काकांची बोलती बंद झाली. मालकांच्या सांगण्यावरून घाण पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह त्यांनीच नदीत उघडला होता. पूर्वीही उघडायचे. दंड व्हायचा, मालक तो भरायचे, की सगळं थंड. आता कायदा कडक झाला होता. चुकून गळलं तर दंड. जाणूनबुजून सोडलं तर तुरुंग, सांगणाऱ्यालाही आणि सोडणाऱ्यालाही. नदीच्या खालच्या अंगाला काकूंची बहीण राहायची. तिची नात ते पाणी पिऊन दवाखान्यात पडली होती.

मालकांचा वकील घरी आला, गोड गोड बोलला. "फक्त म्हणायचं, व्हॉल्व्ह गळला. मालकही घरी, तुम्हीही घरी." काकांनी मान डोलावली. काकू उठून आत गेल्या. नवरा तुरुंगात जावा असं कुठल्या बायकोला वाटेल? पण मग बहिणीला तोंड कसं दाखवायचं?

कोर्टात वकिलानं विचारलं, "तर तुमचा व्हॉल्व्ह गळत होता?"

"माझा?"

"हो, तुमचाच. नीट बसला नसेल."

झालं! "नीट बसला नसेल? अहो, मी बसवलेला व्हॉल्व्ह थेंबभर जरी गळला, तरी मिशी उतरवून देईन!"

सगळे खो खो हसले. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. इथेही तेच!

काका मात्र हसले नाहीत. बोलून तर बसले होते. अजूनही सारवासारव करता आली असती. त्यांनी न्यायाधीशांकडे पाहिलं, आणि आवाज खाली आला. "गळला नाही, साहेब. मालक म्हणाले सोड, मी सोडलं. खाली माणसं राहतात हे ठाऊक असून सोडलं."

"याला तुरुंग आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

तोंडातून पहिलं वाक्य निसटलं ते बढाईनं, हे कबूल. पण दुसऱ्या वाक्याला छाती लागते. काकूंचा ऊर भरून आला.

मालकांना मोठी शिक्षा झाली. काकांना कमी, पण झालीच. पोलीस त्यांना घेऊन निघाले तेव्हा काकू गर्दीतून वाट काढत पुढे आल्या.

"तुम्ही कोण?" पोलिसानं अडवलं.

"मी यांची बायको," काकू म्हणाल्या, पार कोर्टाच्या जिन्याखालपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.