आई मिस झाली ते वर्ष

मी तिसरीत गेले त्या वर्षी माझी आई माझ्याच शाळेत खेळाची मिस झाली.

आमचं घर मल्लेश्वरममधलं, शाळा चालत जाण्याइतकी जवळ. घराणं पिढ्यानपिढ्या बंगळूरचंच, त्यामुळे आमच्या मराठीत निम्मं कन्नड मिसळलेलं, आणि पुण्याहून कोणी पाहुणे आले की आमचं बोलणं ऐकून तोंडाला रुमाल लावायचे. वडिलांना मी अण्णा म्हणायची. ते सकाळी कारखान्याच्या बसने जायचे ते संध्याकाळीच परतायचे. मी एकुलती एक. त्यामुळे मधला सगळा वेळ आई माझी होती. लग्नाआधी ती कॉलेजच्या थ्रोबॉल टीमची कॅप्टन होती. पुढे टीम सुटली, पण खेळणं सुटलं नव्हतं. व्हरांड्यात, गच्चीवर, घरामागच्या नारळाखाली ती माझ्याशी तासन्‌तास खेळायची, आणि माझ्यासाठी मुद्दाम हरायची नाही.

नोकरीच्या पहिल्या दिवशी माझी वेणी घालताना ती म्हणाली, "शाळेत मी मिस. घरी आई. सरी?"

"सरी," म्हणजे ठीक आहे, मी म्हटलं. मला ती गंमतच वाटली होती.

पहिले काही दिवस मी मिरवलं. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेली, गळ्यात शिट्टी अडकवलेली ती बाई माझी आई आहे, हे मी ज्याला त्याला सांगत सुटले. मग आमच्या वर्गात ती मुलगी आली.

तिचे आईवडील बंगळूरबाहेर, होसकोटेला राहायचे. तिथल्या एका कारखान्यात दोघं कामाला होते, आणि हिला चांगल्या शाळेत शिकायला मिळावं म्हणून मावशीकडे ठेवलं होतं. ती वर्गात बोलायची नाही. कोणी काही विचारलं की डोळे भरून यायचे. खेळाच्या तासाला सगळे मैदानात पळाले की ती मैदानाच्या कडेच्या दगडी पायऱ्यांवर बसायची, गुडघ्यांना मिठी मारून. वर्गाच्या मास्तरांनी तिला एकदा हाताला धरून ओढत मैदानात आणलं होतं, तर ती इतकी रडली की हेडमिसना यावं लागलं.

आईने तिला ओढलं नाही. एके दिवशी तिने आम्हा सगळ्यांना त्या पायऱ्यांपाशी जमवलं आणि म्हणाली, "आज कल्ला-मण्णा."

कल्ला-मण्णा म्हणजे दगड-माती. दगडावर उभा असलेल्याला धरायचं नाही. मातीवर उतरला की तो ज्याच्यावर राज्य आहे त्याचा. पायऱ्या म्हणजे दगड, मैदान म्हणजे माती. आम्ही ओरडत वरखाली उड्या मारू लागलो. राज्य असलेला मुलगा पायऱ्यांपाशी येऊन त्या मुलीला हात लावणार, एवढ्यात आई शिट्टी वाजवून म्हणाली, "तिला नाही धरायचं. ती दगडावर आहे. सगळ्यांत हुशार तीच खेळतेय."

त्या मुलीने मान वर केली. न हलताच ती खेळात आली होती. सगळी मुलं तिच्याकडे बघत होती, आणि आज तिच्याकडे बघण्याचं कारण तिचं रडणं नव्हतं. थोड्या वेळाने तिने एक पाय खाली मातीवर टेकवला आणि पटकन वर घेतला. मग पुन्हा टेकवला. आईने तिकडे बघितलंही नाही. मला मात्र ठाऊक होतं की ती बघतेय. आई एखाद्या गोष्टीकडे मुद्दाम बघत नसली की तिची मान कशी ताठ होते, हे मला जन्मापासून माहीत होतं.

आणि माझ्या पोटात काहीतरी आंबट झालं. कल्ला-मण्णा आमचा खेळ होता. व्हरांड्याच्या पायरीवर मी दगड आणि अंगणात आई, असा तो आम्ही दोघी खेळायचो. शाळेत तो कुणाला माहीतही नव्हता. नोकरी लागल्यापासून घरी आई दमलेली असायची, "स्वल्प पडू दे गं मला" म्हणायची, आणि तो खेळ तिने नेऊन त्या मुलीला दिला होता.

त्या रात्री जेवताना आई अण्णांना सांगत होती. तिचा चेहरा उजळला होता. "आज तिनं पाय खाली ठेवला. स्वतःहून. कुणी न सांगता."

अण्णांनी माझ्याकडे बघून विचारलं, "आणि आमची काय करते खेळाच्या तासाला?"

"हिचं काय," आई माझ्या ताटात भात वाढत म्हणाली, "ही पळतेच आहे."

मी जेवले नाही. पोट दुखतंय म्हणाले. ते तसं खोटंही नव्हतं.

पुढचे आठवडे आमच्या घरी तीच मुलगी जेवायला बसलेली असायची म्हणा ना. आज तिने दोरीचं एक टोक धरलं. आज तिने चुन्याने मैदानावर रेघ आखली. आज बॉल लागला तरी ती रडली नाही, हसली. आई म्हणायची, लहान मुलाला दुःख सांगता येत नाही, पण ते पळून, फेकून बाहेर टाकता येतं. मी आमटीत बोट फिरवत ऐकत बसायची. मला वाटायचं, मलाही काहीतरी व्हावं. माझे आईवडील होसकोटेला जावेत, आणि मग मिसने मला शोधत यावं.

एका तासाला मी खेळायला गेलेच नाही. पायऱ्यांवर जाऊन बसले, अगदी तिच्यासारखी, गुडघ्यांना मिठी मारून. आई आली. मी डोळे मिटले. तिने कपाळाला हात लावून बघितलं. तो हात मिसचा होता, कोरडा आणि झटपट. "ताप नाही. पाणी पी आणि ये," म्हणाली आणि निघून गेली.

पण कोणीतरी आलं. डोळे उघडले तर समोर ती मुलगी. त्या दिवशी राज्य तिच्यावर होतं. धावून धावून तिची रिबन सुटली होती आणि गाल लाल झाले होते. ती कन्नडमध्ये म्हणाली, "तू दगडावर आहेस. खाली आलीस तरच मी तुला धरीन."

"मला नाही खेळायचं," मी म्हटलं.

ती गेली नाही. थोडी वाट बघत उभी राहिली. मग म्हणाली, "सावकाश ये. मिस काही म्हणत नाही."

माझ्याच आईबद्दल ती मला सांगत होती! मिस काय म्हणते आणि काय म्हणत नाही ते! माझ्या कानांतून धूर निघायचा बाकी होता. घंटा होईपर्यंत मी त्या पायरीवरून हलले नाही.

घरी आल्यावर मी आईला म्हटलं, "मला बी सेक्शनमध्ये घाल."

ती माझे केस विंचरत होती. हात थांबला. "का गं?"

"तिथं खेळाला सर आहेत. तू नाहीस."

मी हे बोलले ते आईने नाही म्हणावं म्हणून. तिने माझं तोंड ओंजळीत घ्यावं, वेडी का तू, म्हणावं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या मुलीचा हात सोडावा म्हणून. आईने वेणी पुरी केली, रिबन बांधली. मग दोन दिवसांनी संध्याकाळी म्हणाली, "हेडमिसशी बोलले मी. सोमवारपासून तू बीमध्ये."

मला रडूही आलं नाही. इतक्या सहज तिने मला देऊन टाकलं होतं.

बी सेक्शनचे खेळाचे सर वयस्क होते. आम्हाला मैदानात सोडून ते झाडाखाली उभे राहायचे आणि भांडण फारच वाढलं तरच पुढे यायचे. आधी काही दिवस मी तिथेही घुम्यासारखी होते. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं, की इथे पळताना मला मागे वळून बघावं लागत नाही. आई बघतेय का, कुणाकडे बघतेय, हे तपासावं लागत नाही. मी पडायची, ओरडायची, आउट झाले तर भांडायची. एकदा एका मुलाशी इतकी भांडले की घसा बसला, आणि त्या दिवशी मी घरी दोनदा भात मागून घेतला.

पण ए सेक्शनचा खेळाचा तास असला की आमच्या वर्गाच्या खिडकीतून आईची शिट्टी ऐकू यायची. मग त्या मुलीचं हसणं. ते मला शंभर आवाजांत ओळखू यायला लागलं होतं. माझी गणितं चुकायची.

संक्रांत झाली, घरोघरी एळ्ळू-बेल्ल, म्हणजे आमचा तीळगूळ, वाटून झालं, आणि शाळेचा खेळांचा दिवस आला. मैदानाभोवती खुर्च्या मांडल्या होत्या. तिसरीची रिले होती, ए विरुद्ध बी. बीकडून शेवटची मी, आणि ए सेक्शनकडून शेवटची ती. शेवटच्या रेघेपाशी आडवी रिबन धरली होती. एका टोकाला आमचे सर आणि दुसऱ्या टोकाला आई.

काठी आम्हा दोघींच्या हातात जवळजवळ एकदमच आली. मी पळत सुटले. आईचा चेहरा समोर मोठा मोठा होत होता आणि मला एकच ठाऊक होतं, की आज तिला माझ्याकडे बघावंच लागेल, मी सरळ तिच्याच अंगावर चालले आहे. तेवढ्यात मागे धप्प आवाज झाला, लोक हाय हाय म्हणाले, आणि समोरचा चेहरा नाहीसा झाला. आईने रिबन सोडून दिली होती. ती माझ्या बाजूने उलट दिशेला धावत गेली. मी रेघ ओलांडली तेव्हा रिबन जमिनीवर पडली होती आणि एकटे सर टाळ्या वाजवत होते.

मी वळून बघितलं. ती मुलगी पडली होती, गुडघा फुटला होता. आई वाकून तिला उचलू लागली. आणि त्या मुलीने आईचा हात बाजूला सारला. रागाने नाही, घाईने. ती उठली, काठी उचलली आणि लंगडत धावत रेघेपर्यंत आली. तिथे ए सेक्शनच्या पोरी तिची वाट बघत होत्या. सगळ्या तिच्या गळ्यात पडल्या. तिने मागे बघितलंही नाही.

आई मैदानाच्या मधोमध उभी होती. हात तसेच पुढे. ती हसत होती, पण त्या हसण्याखाली जे होतं ते मी लगेच ओळखलं. वर्षभर ते माझ्याच पोटात होतं.

संध्याकाळी आम्ही दोघीच घरी निघालो. रस्त्यात आई म्हणाली, "माझा हात बाजूला केला तिनं. बघितलंस?"

"हो."

"चांगलंच झालं. तेच तर हवं होतं."

"मग तुझं तोंड असं का?"

"स्वल्प वाईट वाटलं," म्हणाली. आणि मग, "तू पहिली आलीस ना? मी बघितलं नाही गं."

ती खोटं बोलली असती तर मी एखादे वेळी गप्प बसले असते. तिने खरं सांगितलं म्हणून सगळं बाहेर पडलं. रस्त्यातच मी ओरडले, "तू नेहमी तिलाच बघतेस! ती पडली तर बघतेस, हसली तर बघतेस! मी पळते म्हणून मला बघायचंच नाही?"

आई म्हणाली नाही, की त्या मुलीची आई लांब आहे. म्हणाली नाही, की तू शहाणी आहेस. तिचे डोळे भरले होते. मग आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिने खांद्यावरची पिशवी काढून एका कंपाउंडच्या भिंतीवर ठेवली, पदर खोचला आणि म्हणाली, "चल. आपल्या फाटकापर्यंत."

आम्ही पळालो. गल्लीतल्या बायका बाहेर आल्या, कुणीतरी हसलं, एका सायकलवाल्याने घंटी वाजवली. मी जीव तोडून पळाले, आणि आई माझ्या पुढे निघून गेली. फाटकाला हात लावून ती धापा टाकत, खोकत, हसत उभी राहिली. मी पोचले तसं तिने मला धरलं, आणि मी तिच्या पोटात डोकं खुपसून रडले. किती तरी वेळ.

त्यानंतर आम्ही दोघी अधूनमधून पहाटे पळायला जाऊ लागलो, अण्णा उठायच्या आत. ती मुलगी पुढे थ्रोबॉलच्या टीममध्ये गेली, आणि मी मागून मागून पुन्हा ए सेक्शनमध्ये आले. मैत्री मात्र आमची कधी झाली नाही. पहिलीत एक रडका मुलगा आला, तेव्हा आई जेवताना पुन्हा त्याच उजळलेल्या चेहऱ्याने सांगू लागली, आज तो झोक्यापर्यंत आला म्हणून. माझ्या पोटात पुन्हा तेच आंबट. मी म्हटलं, "आई, मला बोलायचंय. आधी माझं ऐक."

तिने ताट बाजूला सारलं आणि माझ्याकडे वळून बसली. "सांग," म्हणाली.