त्याच्याही तोंडावर पिंपल होते

"मागं हो. पाहुण्यांना किळस येईल."

माइकसमोरून मॅडमनं मला दंडाला धरून बाजूला केलं. अख्ख्या शाळेसमोर. हिंगणघाटला दहावीत होते मी. स्वागताचं भाषण मी लिहिलेलं. तीन दिवस घोकून पाठ केलेलं. मॅडमनं माझ्या हातातला कागद ओढला आणि वर्गातल्या एका मुलाला दिला. त्याचे वडील शाळेच्या कमिटीवर. त्याच्याही तोंडावर पिंपल होते. माझ्यापेक्षा जास्त. गालावरचा एक तर पिकून पिवळा झालेला. त्याची किळस कोणालाच आली नाही. माझे शब्द त्यानं अडखळत वाचले. टाळ्या घेतल्या.

मॅडम शेजारच्या बाईंना म्हणाल्या, "यांच्या वस्तीत आंघोळी तरी करतात की नाही."

आमची वस्ती बौद्धांची. मी दिवसातून सात वेळा तोंड धूत होते. कातडी ताणून चरचरायची.

घरी तरी काय वेगळं होतं? माझ्या मोठ्या भावालाही तेव्हा पिंपल होते. बाबा कौतुकानं हसायचे. "पोट्टा जवान होऊन राह्यला." मला पाहिलं की आत्या म्हणायची, "असं तोंड राह्यलं तर हिले कोण करन?" भाऊ अंगाच्याच साबणानं तोंड धुवायचा आणि खेळायला पळायचा. माझ्या तोंडाला बेसन, हळद, लिंबू. कोणी सांगितलं म्हणून टूथपेस्टसुद्धा. शेवटी आत्यानं मेडिकलमधून एक ट्यूब आणली. आठ दिवस चेहरा चमकला. मग आग. गाल लालभडक, कातडीचे पापुद्रे, हनुवटीवर केस. मी आरसा उलटा करून ठेवला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी ट्यूब पाहिली आणि हे स्टिरॉइड तोंडाला का लावलं म्हणून आत्यावरच ओरडल्या. मग मला म्हणाल्या, "या वयात पोरींना येतात तसे पोरांनाही येतात. घाणीनं नाही येत."

घाणीनं नाही येत. एवढं एक वाक्य मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. रडू आलं नाही. डोकं तापलं.

दुसऱ्या दिवशी सोललेल्या तोंडानं शाळेत गेले. मॅडमनं पाहिलं. तोंड वाकडं केलं. "स्कार्फ बांधून बस."

मी उभी राहिले. त्या मुलाकडं बोट केलं.

"मॅडम, पयले याले बांधाले सांगा. मंग मले सांगा."

तो मुलगा गालावर हात ठेवून खाली पाहू लागला. मॅडमनं मला वर्गाबाहेर काढलं. गेले. दिवसभर व्हरांड्यात उभी राहिले. तोंड उघडं.

आता मी वर्ध्याला नर्सिंग शिकते. गालांवर खड्डे आहेत. परवा आत्यानं स्थळासाठी माझा फोटो काढवला. फोटोवाल्यानं सगळे खड्डे मिटवून दिले. गुळगुळीत, कोणा दुसरीचंच तोंड. मी तो फोटो तिच्यासमोर फाडला.

"हे तोंड माह्यं नाई. जसं हाय तसं धाडाचं असन तर धाड. नाई तर माह्यं नाव कोणाले सांगू नको."

आत्या अजून बोलत नाही माझ्याशी. नको तर नको.