पहिली पत्रिका देवाची

डिंभ्यापासून नारायणगावापर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच. वारूळवाडीच्या पत्रिकावाल्या दादाभाऊनं जित्या माणसाची दशक्रिया छापली आणि ती देवापुढं ठेवायला लावली. एसटीत एक बाई तर छातीवर हात ठेवून सांगत होती, "अवं, देवानं नारळच भिरकावला म्हणं!"

देवानं काही भिरकावलं नाही. देवापर्यंत काही गेलंच नाही. दशक्रिया छापली गेली हे मात्र खरं. एकच प्रत, आणि ती दादाभाऊंच्या बुडाखाली होती.

दादाभाऊ म्हणजे आधी घसा खाकरणार, मग चष्मा कपाळावर चढवणार, मग म्हणणार, "त्याचं असंय राव..." आणि पुढं काहीच नाही. पूर्वी ते पत्रिका हातानं टाईप करायचे. एखाद्या मामाचं नाव राहिलं की तो मामा तणतणत दुकानात हजर. म्हणून भाचा अमृत यानं पुण्याला कंपनीत लागण्याआधी त्यांना एक प्रोग्राम करून दिला. '१ लग्न' नावाचं फोल्डर, त्यात 'मजकूर' नावाची फाईल. फाईलमध्ये अख्खी पत्रिका तयार, फक्त वर, वधू, वडील, स्थळ यांच्या जागी कंस. प्रोग्राम चालू झाला की फाईल वाचून घेणार, दादाभाऊंनी रकान्यात नावं भरली की कंस जाणार आणि नावं बसणार. एकाही मामाचं नाव राहिलं नाही.

मग परवाच्या सुट्टीत अमृतला हुक्की आली. "मामा, दशक्रियेचं पण टाकून देतो. लोकं काय नुसती लग्नंच करतात का?" त्यानं '२ दशक्रिया' असं फोल्डर केलं, त्यातही 'मजकूर' याच नावाची फाईल ठेवली, दशक्रियेची एक प्रत काढून दाखवली आणि पुण्याची गाडी पकडली. लग्नाची पत्रिका पुन्हा काढून बघावी, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

आणि डिंभ्याचे गेणभाऊ आले. पोरगी प्राचीचं लग्न. हातात नारळ, हळदीकुंकवाची पुडी. मशीनमधून निघालेली पहिली पत्रिका थेट देवाला, त्याआधी कुणाच्या हातात द्यायची नाही, हा आपल्याकडचा रिवाज. डिंभ्याची एसटी येणार म्हणजे आली तर येणार, म्हणून गेणभाऊ उभेच.

दादाभाऊंनी नावं भरली, बटण दाबलं. प्रिंटर गुरगुरला. कागद बाहेर आला. दादाभाऊंनी वाचलं: 'आमचे तीर्थरूप कै. गेणभाऊ यांचा दशक्रिया विधी मंगल कार्यालयात होईल.' आणि ते त्याच्यावर बसले.

"काय झालं?"

"त्याचं असंय राव... शाई फिसकटली."

"दावा की."

"वली हाय अजून."

"वली हाय तर तुमी तिच्यावर बसलाय कशाला?"

दादाभाऊंनी प्रोग्राम बंद केला, चालू केला. पडद्यावर पुन्हा तेच. '१ लग्न'मधली फाईल उघडली, तर तिच्यात गणपती जागेवर, शुभविवाह जागेवर. फाईल सरळ आणि पडदा वाकडा. घामाघूम होऊन त्यांनी अमृतला फोन लावला. पलीकडून कुजबुज आली, "मामा, मीटिंगमध्ये आहे. हां, कळलं. प्रोग्राम फोल्डर नाय बघत, नुसतं फाईलचं नाव बघतो. दोन्हींचं नाव एकच. आकड्याप्रमाणं एकेक वाचत जातो, मागनं वाचलेली आधीचीला पुसती. आत कोडमध्येच बदलावं लागंल. रविवारी येतो."

"आरं, गेणभाऊ हितं हुबा हाय!"

फोन कट. तोवर गेणभाऊ पडद्यापाशी वाकून एकेक अक्षर जुळवत होते. वाचून झाल्यावर ते हळूच स्टुलावर टेकले. बाहेर डिंभ्याची एसटी आली, हॉर्न मारला, गेली.

"दादाभाऊ, मशीनमधनं पैली हीच निघली ना?"

दादाभाऊंनी घसा खाकरला, चष्मा वर केला. "त्याचं असंय..." डोळ्यांत पाणी यायचंच बाकी.

तेवढ्यात शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातून हे लिहिणारा आत घुसला, सगळं ऐकून. मागून वाचलेली जिंकते ना? मग फोल्डरचे आकडे उलटे करा. लग्न दोन, दशक्रिया एक. केलं. प्रोग्राम पुन्हा चालू केला. लग्नाची पत्रिका निघाली, अगदी सुबक.

गेणभाऊंनी हात पुढं केला नाही. "पण पैली ती व्हती."

दादाभाऊंनी बुडाखालचा चुरगळलेला कागद काढला, बघितला. "गेणभाऊ, ती पत्रिकाच न्हवती. तिच्यात लगीनच नाय. देवाला ही न्या. दुसरं मला काय बी सुचंना."

गेणभाऊंनी पुडी सोडली. मग पत्रिकेला हळदीकुंकू लावून ती पिशवीत ठेवली.

"बघा काका, झालं का नाय? आता दशक्रिया पण नीट येईल. मिसळीची पैज!" हे लिहिणारा म्हणाला.

"नाय यायची," दादाभाऊ म्हणाले. "त्याला एका टायमाला एकच ध्यानात ऱ्हातंय. माझ्यावाणी."

दशक्रियेचं बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'आमचे येथे श्रीकृपेकरून शुभविवाह...'

"जिकलो म्हणायचं का ह्याला, राव?" दादाभाऊंनी विचारलं, आणि कपाळ टेबलावर टेकलं.

हे लिहिणाऱ्याला मिसळ दोघांना द्यावी लागली. गेणभाऊंची एसटी गेली होती.