वास येतोय का बघा

ती गॅलरीत खाली बसलेली, मी खुर्चीत. तिच्यासमोर परातीत कोमट पाणी आणि त्यात नेलपॉलिशच्या रिकाम्या बाटल्या. आमच्या हिच्या नखांना आयुष्यात कधी रंग लागला नाही, पण बाटल्या घरात कायम. एका बाटलीत तिने तांदळाचे दाणे घातले, साबणाचं पाणी घातलं, झाकण लावलं आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, माझं मनगट दुखतंय, तुम्ही हलवा. मी हलवली. लहान पोराच्या खुळखुळ्यासारखा आवाज. मग पाणी ओतून तिने ती माझ्या नाकाखाली धरली.

"वास येतोय का बघा."

"येतोय अजून."

"खरं सांगताय की कंटाळलात?"

"तोंडाचं सोड. नाकाने कधी खोटं बोललोय?"

"मग राहू दे पाण्यात. सकाळी परत बघा."

आमचं दोघांचं शेवटचं काम ते. मग ती आत गेली, देवाजवळ दिवा लावला, कुकर चढवला आणि मेथी निवडायला बसली. थोड्या वेळाने बघितलं तर जुडी मांडीवर आणि डोकं भिंतीला टेकलेलं. मला वाटलं डोळा लागला. मी टीव्हीचा आवाज कमी केला... कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या तरी ती उठली नाही, तेव्हा मी हाक मारली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, घरीच झालंय, हार्ट. मी म्हटलं परत बघा. त्यांनी परत बघितलं. मी म्हटलं मोठ्या डॉक्टरला बोलवा. मुलगा कल्याणहून येऊन पोचलेला, त्याने मला धरून बाहेर बाकावर बसवलं. माझा विश्वास कोणावर पटकन बसत नाही, हे त्याला माहिती आहे.

माझं शिक्षण चौथी. पुढची शाळा कोलशेतला एका रंगाच्या कंपनीच्या गेटवर झाली. डोंबिवलीहून रोज जायचो आणि सुटीचा भोंगा झाला की बाहेर पडणाऱ्याची झडती घ्यायचो. डबा उघड, पिशवी उलटी कर, खिसा दाखव. थिनरचा वास मला माणूस दहा हातांवर असताना यायचा. एकदा एकाने भाताखाली रंगाची पिशवी लपवलेली, ती मी डबा न उघडता सांगितली. रिकामा डबा जरी गेटबाहेर जायचा असला तरी आम्ही त्याला खिळ्याने भोक पाडायचो. कारण चांगल्या कंपनीचा रिकामा डबा भंगारात गेला की कोणी तरी त्यात हलका माल भरतो आणि ओरिजिनल म्हणून विकतो. तेव्हापासून रिकामी वस्तू बघितली की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, आता ह्यात काय भरणार?

सुमतीला ही सवय लग्नापासून ठाऊक. बाजारातून आली की दारातच पिशवी पुढे करायची, "घ्या, झडती घ्या. गेटपास देताय ना?" माहेरून आली तरी तेच. पाहुण्यांसमोर पण म्हणायची, हे मला बघायला आले तेव्हा ह्यांनी पोह्यांची बशी पण खालून बघितली होती. लोक हसायचे. मी पण हसायचो, पण पिशवी बघून घ्यायचो.

बाटल्यांचं सुरू झालं आमच्या बिल्डिंगखाली रश्मीचं पार्लर आलं तेव्हापासून. महिन्याला पिशवीभर रिकाम्या बाटल्या ही वर घेऊन यायची. प्रत्येक बाटली साफ करायची तिची पद्धत ठरलेली. आधी थोडं रिमूव्हर घालून झाकण लावायचं आणि तशीच ठेवायची. मग सगळं ओतायचं. तळाला दोन बारीक लोखंडी गोळे असतात, रंग ढवळायला घातलेले, ते काढून एका वाटीत. ब्रश वेगळा धुवायचा, त्याचे केस बोटाने एकेक सुटे करायचे. मग तांदूळ आणि साबण, मग उकळतं पाणी, मग ऊन. शेवटी माझं नाक. वास आला की नापास, परत पाण्यात. नाही आला की मी म्हणायचो "पास" आणि ती बाटली फडक्यावर उलटी ठेवायची. सगळ्यात शेवटी सुरीने वरचं लेबल खरवडून काढायची, नावाचं अक्षर दिसणार नाही असं.

ते खरवडणं मला खटकायचं. गेटवर आम्ही शिकलेलो, ज्या वस्तूवरचा नंबर घासलेला आहे ती चोरीची. मी विचारलं, ह्यात भरतेस काय? म्हणाली, डिंक. राखीवाल्या बायकांना लागतो, ब्रश असला की खडे चिकटवायला बरं. मी म्हटलं राखी वर्षातून एकदा येते, बाटल्या बारा महिने जातात. म्हणाली, तुम्हाला काय करायचंय, तुम्ही वास घ्या. मी मनातून मात्र ते काढलं नाही. ती भरायची मी फिरायला गेलो की. मी आलो की परात उपडी आणि ओटा कोरडा. मंगळवारी पिशवी घेऊन बाहेर जायची, येताना पिशवी रिकामी.

ती गेल्यावर सुतकाचे दिवस चाललेले, तेव्हा दुपारी एक बाई दारात आली. पन्नाशीची, पायात साधी चप्पल, डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला. आत यायला सांगितलं तरी आली नाही. म्हणाली, मावशींनी माझ्यासाठी काही ठेवलंय का? मी विचारलं, काय? म्हणाली, बाटली. मी नाव विचारलं, शालन म्हणाली. कुठून आलात, टिटवाळ्याहून. कसली बाटली, कशासाठी? त्यावर तिने पदर अजून पुढे ओढला. मी म्हटलं, माहिती नाही तर मिळणार नाही. ती जिना उतरून गेली आणि मी गॅलरीतून बघत राहिलो कोणीकडे वळते ते. रडायला आलेल्या बाया आत बसलेल्या आणि मी वरून एका बाईवर पहारा करतोय... सुमती असती तर म्हणाली असती, ड्युटी संपली हो तुमची.

मला खात्री झाली की काही तरी गडबड आहे. मी खाली पार्लरमध्ये गेलो. दोघी-तिघी तोंडाला लेप लावून बसलेल्या, त्या दचकल्या. मी रश्मीला म्हटलं, तुझ्या बाटल्या दाखव. तिने दाखवल्या. मी दोन उघडून वास घेतला.

"काका, ओरिजिनल आहे. बिल दाखवू का?"

"बिल काय, कोणीही छापतो."

ती मुलगी चिडली नाही, हे पण मला संशयाचं वाटलं. तिने मला स्टूल दिलं, पाणी दिलं. मी विचारलं, काकूंना रिकाम्या बाटल्या का द्यायचीस? म्हणाली, काकूच मागायच्या. तुमच्या शिलाई मशीनला तेल घालायला लागतात म्हणाल्या.

आमच्या घरात शिलाई मशीन नाही. कधी नव्हतं.

मला डिंक सांगितलं, रश्मीला तेल सांगितलं. गेटवर ज्याने दोन वॉचमनला दोन गोष्टी सांगितल्या त्याच्या डब्यात काही तरी निघायचंच. मी वर आलो आणि हिच्या फोटोसमोर बसलो. हार घातलेल्या फोटोला विचारून काय उपयोग, पण विचारलं. लबाडीच्या धंद्यात तू कशाला पडलीस? आणि मला का नाही सांगितलंस? खरं सांगायचं तर पहिल्या प्रश्नापेक्षा दुसरा मला जास्त खात होता. इतकी वर्षं तिची पिशवी मी बघत आलो आणि बघायची ती पिशवी मला दिसलीच नाही, असं वाटायला लागलं.

मग एक दिवस उपमा करायला म्हणून रव्याचा डबा काढला. डबा जड लागला. हात घातला तर रव्यात बाटल्या. लेबल खरवडलेल्या, आतलं काही दिसू नये म्हणून बाहेरून पांढरा कागद गुंडाळलेल्या. मी एक उघडली. ब्रश लालभडक. म्हटलं झालं, सापडलं, नेलपॉलिशच भरलंय. आणि सवयीने नाकाशी धरली.

नेलपॉलिशचा वास नव्हता. हळद होती, एरंडेल होतं, थोडा चुना. आणि हा वास माझ्या ओळखीचा होता. हिच्या कपाळाचा वास.

मी खाली बसलो... ओट्याला टेकून, रवा सगळा पसरलेला. टिकलीच्या चिकटाने हिच्या कपाळावर पांढरा डाग पडलेला, तेव्हापासून ती घरीच कुंकू करायची, एवढं मला माहिती होतं. पण तिची डबी देवाजवळ, सगळ्यांना दिसेल अशी. मग हे रव्यात का? दुकानात कुंकवाची पुडी कोणालाही मिळते. कुंकू लपवून कोण विकतं आणि लपवून कोण घेतं? नाकाने वस्तू ओळखली, पण भानगड काही सुटली नाही.

शालन परत आली ती मंगळवारी. ह्या वेळी मी दार पूर्ण उघडलं आणि बाटली तळहातावर धरून म्हटलं, ही का? तिने मान हलवली. मी म्हटलं, कुंकू आहे हे मला कळलंय, आता लपवायचं कारण सांगा. तेव्हा तिने डोक्यावरचा पदर मागे घेतला आणि मी तिच्या कपाळाकडे बघितलं. कपाळ रिकामं होतं.

ती आत येऊन खाली बसली आणि बोलली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. टिटवाळ्याला दिराच्या घरात राहते, सासू आहे, डोंबिवलीत चार घरी पोळ्या करते. हिची ओळख रस्त्यावरची, भाजीवाल्याकडे. हिने तिला विचारलं, कपाळ असं का? तिने सांगितलं. तर ही म्हणाली, तुला पहिलं कुंकू कोणी लावलं, नवऱ्याने की आईने? दुसऱ्या मंगळवारी हिने बाटली नेऊन दिली.

"घरात करंडा सापडला तर सासू विचारेल, दीर विचारेल. नेलपॉलिशची बाटली पर्समध्ये असली तर कोण विचारतंय? वरचा कागद काढला की झालं, पोरीची आहे म्हणते. नाव नसलं की कुठून घेतली, केवढ्याला, तेही कोणी विचारत नाही."

"मग लावता कधी?"

"इथे उतरले की. ब्रशने एक टिंब. आरशाचं पण काम नाही, हात बसलाय. घरी जाताना तेल लावून पुसते. पिवळं राहतं थोडं, ते हळदीचा हात लागला म्हणून खपतं."

"आज का नाही लावलं?"

"संपलं ना काका. मावशी गेल्यापासून नाही."

मी विचारलं, अजून कोण कोण आहे? ती म्हणाली, आहेत. पण नावं नका विचारू. माझ्या तोंडावर आलेलं, पत्ता काय, कुठे कामाला... मी गिळलं. पण एक विचारल्याशिवाय राहवलं नाही. हिने मला का सांगितलं नाही? शालन म्हणाली, "मावशी म्हणायच्या, ह्यांचं नाक कामाचं आहे, तोंड नाही. सांगितलं तर तुम्हाला दारातच उभं करतील आणि नाव-गाव विचारत बसतील."

मी तेच केलेलं. तिला पण आठवलं असणार, ती दाराकडे बघून हसली. मला हसू आलं नाही, पण राग पण आला नाही. रव्यातल्या सगळ्या बाटल्या मी एका पिशवीत भरून तिला दिल्या. मोजल्या नाहीत. तिने तिथेच बसून एक उघडली आणि कपाळाला टिंब लावलं. मी खिडकीकडे बघत राहिलो. कसं लावायचं ते तिला येतं, करायचं कसं तेही हिने शिकवलंय म्हणाली, फक्त बाटल्या लागतील. मी म्हटलं बघू. रश्मीकडे मी आता महिन्याला जातो. ती बाटल्या देते. तिच्या बिलांवर माझा अजून पूर्ण विश्वास नाही, पण तिला सांगितलंय, मशीनला तेल फार लागतं आमच्या.

एक मात्र बोलून टाकतो. शालनचा नवरा गेला तर इतकी वर्षं सगळे तिच्या कपाळाकडे बघतायत. माझी बायको गेली, माझ्या अंगावर कोणी काही शोधलं नाही. मी तोच शर्ट घालतो, तसाच बाजारात जातो. झडती एकाच दारावर चालू आहे, हे गेटवर आयुष्य काढलेल्या माणसाला पण आत्ता कळलं.

सुमती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं. तिला हॉलमध्ये ठेवलेली, हिरवी साडी नेसवलेली. बाया म्हणत होत्या, अहेव गेली, नशीब काढलं. मी म्हटलं, कोणाचं? मग त्यांनी तिचा मळवट भरला, दुकानातून आणलेल्या पुडीचं कुंकू. त्याला अत्तराचा वास येत होता. मला तो वास चुकीचा वाटला, पण का चुकीचा वाटतोय ते तेव्हा सांगता आलं नसतं. मी उठून गॅलरीत गेलो. परात तिथेच होती, रात्रीचं पाणी गार पडलेलं, बाटली तळाला. मी ती काढली, पाणी ओतलं, सदऱ्याला पुसली आणि नाकाला लावली. तेवढ्यात मुलाने मागून येऊन माझा हात धरला, घट्ट. "बाबा, काय पिताय?" मी म्हटलं, पीत नाही, सोड. त्याने बाटली घेऊन उजेडात धरून बघितली, उलटी केली, मगच परत दिली. माझाच मुलगा तो.

तो गेल्यावर मी परत वास घेतला. नीट, डोळे मिटून. काही येत नव्हतं. बाटली फडक्यावर उलटी ठेवली आणि म्हणालो, पास.

आतून एक बाई म्हणाली, काका, काही बोललात का?

मी म्हटलं, तुम्हाला नाही.